तातापानी: तापलेल्या खडकाला भेगा पाडण्याआधी

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक भागातल्या एका छोट्या कारखान्यात माझ्या मुलीने, इराने, चार लोखंडी पेट्या करून घेतल्या. त्या आगगाडीने अंबिकापूरला न्यायच्या कशा, या प्रश्नातून आमची ही सहल निघाली. पेट्या अशा जड की हमालानेही एकदा बघून मान हलवली असती. इरा म्हणाली, "बाबा, तुम्ही गाडी काढाल का? आत्याला पण घेऊ. तिथून पुढे तातापानीला गरम पाण्याचे कुंड आहेत, तिच्या पायाला बरं वाटेल."

मी बँकेत नोकरी करतो आणि सुट्ट्या जमवून गाडी चालवतो, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मी लगेच हो म्हटलं. बायको शाळेच्या परीक्षांत अडकलेली होती, त्यामुळे आम्ही तिघंच निघालो.

इरा भूगर्भशास्त्र शिकली आणि वर्षभरापूर्वी एका कंपनीत लागली. जमिनीखालच्या उष्णतेवर वीज तयार करायची, हे कंपनीचं काम, आणि आता ते अंबिकापूरच्या बाजूला सुरू होणार होतं. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण कुंदाताई. जबलपूरच्याच गोरखपूर भागात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. एकेकाळी ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिचा खो-खोचा संघ मैदानात उतरला की समोरच्या शाळेचे सर आधीच तोंड पाडून बसायचे. मग सत्त्याण्णवचा भूकंप झाला. जबलपूरकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की मे महिन्यात शहर झोपेत असताना जमीन हलली, आणि ताईच्या भाड्याच्या घराची भिंत तिच्या उजव्या पायावर आली. पाय वाचला, पण पळणं संपलं. शाळेने तिला ऑफिसात टेबल दिलं. त्याच टेबलावरून ती निवृत्त झाली, आणि आजही ती खोलीत दाराजवळच झोपते.

अशा बाईला आम्ही कुठे नेत होतो, हे तेव्हा माझ्या नीट डोक्यात शिरलं नव्हतं. मला वाटायचं, जमिनीतून वाफ वर येते, तिच्यावर चक्र फिरतं, वीज होते. बस.

पहिला दिवस: जबलपूर ते अमरकंटक

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. सकाळी धुकं होतं, म्हणून पोहे-जिलेबी पोटभर खाऊन, ऊन पडल्यावरच निघालो. कुंडमवरून डिंडोरीचा रस्ता धरायचा. वाटेत शहपुरा लागतं. जबलपूरच्या आसपास दोन शहपुरा आहेत. नकाशात नुसतं नाव टाकलंत तर भेडाघाटच्या बाजूचं निघू शकतं, तेव्हा डिंडोरी रस्त्यावरचंच आहे याची खात्री करा. रस्ता एकंदरीत चांगला आहे, पण वळणांवर बैलगाड्या आणि मोटारसायकली अचानक समोर येतात. बाजाराचा दिवस होता. हिरवे मटार, टमाटे आणि कोंबड्या, सगळं रस्त्याच्या कडेलाच मांडलेलं. ताईने काच खाली करून मटाराचा भाव विचारला आणि "जबलपूरपेक्षा काही स्वस्त नाही" म्हणत काच वर केली.

शहपुऱ्यापासून थोडं आत घुघवा नावाचं ठिकाण आहे. तिथे झाडांचे दगड झालेत. खरोखरच. ताडाचा बुंधा, त्याच्या आतल्या रेषा, सालीचे खवले, सगळं जसंच्या तसं, आणि हात लावला की थंडगार दगड. तिकीट अगदी किरकोळ आहे. तासभर तरी हाताशी ठेवा. मी दगडाच्या खोडावरून परत परत हात फिरवत राहिलो. इथे कधी ताडाची दाट झाडी होती आणि आज दूरपर्यंत सालाची झाडं आणि शेतं दिसतात, हे डोळ्यांना पटत होतं, डोक्याला पटायला वेळ लागत होता.

तिथल्याच एका बाकावर डबा उघडला तेव्हा ताईने विचारलं, "इरा, तू नेमकं करून काय राहिली गं तिथं? तुझ्या बापाला विचारलं तर तो म्हणतो वाफ."

इराचं मराठी घरापुरतं. अडलं की ती सरळ हिंदीत जाते. "आत्या, वाफ सगळीकडे मिळत नाही ना. तातापानीला पाणी आपोआप वर येतं, पण ते थोडंसंच. खाली खूप खोल गेलं की ग्रॅनाईट लागतो. तो खूप गरम असतो, लेकिन एकदम सूखा. पाणी आत जायला जागाच नाही. मग आम्ही काय करणार, एक बोअर खाली नेणार, त्यातून खूप जोराने पाणी सोडणार. त्या जोराने खडकातल्या जुन्या बारीक भेगा उघडतात. पाणी त्या भेगांतून फिरतं, तापतं, आणि दुसऱ्या बोअरमधून वर येतं. त्याची वीज करायची, आणि पाणी परत खाली."

"अच्छा. म्हणजे तेच पाणी फिरत राहणार."

"हो. कोळसा नाही, धूर नाही."

ताईने पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आणि भेग उघडते तेव्हा जमीन हलत नाही?"

"थोडीशी हलते. बहुतेक वेळा माणसाला कळत पण नाही."

"बहुतेक म्हणजे?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याची बरणी शोधायला लागलो. "त्याच्यासाठीच तर या पेट्या आहेत ना, आत्या," ती म्हणाली. "जमीन किती हलते ते मोजायची मशीन यांच्यात बसणार. आधी मोजायचं, मग पुढचं."

ताईने तो तुकडा तसाच डब्यात परत ठेवला.

संध्याकाळी अमरकंटक गाठलं. जानेवारीत जाणार असाल तर जाड रजई मिळेल का, हे खोली घेण्याआधीच विचारा. आमच्या धर्मशाळेची खोली हजाराच्या आत होती, स्वच्छ होती, आणि रजई मात्र मागून आणावी लागली. गरम मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, आणि आल्याचा चहा घेत आम्ही नर्मदेच्या उगमाच्या कुंडापाशी बसलो. जी नदी आमच्याकडे ग्वारीघाटाला एवढी ऐसपैस असते, ती इथे एका आवारात मावते. इरा म्हणाली की ही नदी जमिनीतल्या एका फार जुन्या, फार लांब भेगेच्या वाटेने वाहते. त्याच पट्ट्यात ठिकठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत.

"आणि जबलपूर?" ताईने विचारलं.

"जबलपूरही त्याच पट्ट्यात," इरा म्हणाली.

दुसरा दिवस: कोळशाच्या मुलखातून

अनूपपूरला उतरून मनेंद्रगढ, बैकुंठपूर करत अंबिकापूर. हा पूर्ण दिवसाचा प्रवास धरा. साल वृक्षांचं जंगल सुंदर आहे, पण मनेंद्रगढच्या पुढे-मागे कोळशाचे ट्रक एकामागे एक असतात, आणि काच उघडी ठेवलीत तर संध्याकाळी रुमाल काळा होतो. एका ढाब्यावर तांदळाचा चीला, म्हणजे धिरडं, आणि टमाट्याची चटणी खाल्ली. तिथे दिवे गेलेले होते. डोक्यावरून मोठ्या तारा जात होत्या, आणि मालक पुठ्ठ्याने चुलीला वारा घालत म्हणाला, "बिजली यहीं से जाती है भैया, यहाँ रुकती नहीं."

ते वाक्य इराने मोबाईलमध्ये टिपून ठेवलं. उद्याच्या सभेत उपयोगी पडेल, असं तिला वाटलं. ती काळजीत होती, हे मला तेव्हा कळलं. कंपनीला ज्या गावाजवळ पहिला बोअर घ्यायचा होता, त्या गावाच्या ग्रामसभेची संमती लागणार होती. सभा उद्याच होती. तिचे वरिष्ठ, सक्सेना साहेब, येणार होते, पण गावाशी बोलायचं काम इराचं होतं. संमती मिळाली तर ती बोअरच्या मुख्य गटात जाणार होती. कॉलेजपासून ती त्याचीच वाट पाहत होती.

अंबिकापुरात राहायला सगळ्या प्रकारची हॉटेलं आहेत. गाडी नसेल तर जबलपूरहून थेट ट्रेनही येते.

तिसरा दिवस: तातापानी

अंबिकापूरहून बलरामपूरच्या रस्त्याने निघालं की अडीच तासांत तातापानी येतं. नाव सार्थ आहे. गाडीचं दार उघडताच गंधकाचा वास आला. संक्रांतीची जत्रा नुकतीच उठली होती, झोपाळ्यांचे सांगाडे अजून उभे होते. शंकराच्या भल्यामोठ्या मूर्तीच्या मागे-पुढे जमिनीतून वाफ निघत होती. काही ठिकाणी पाणी नुसतं पाझरतं, काही ठिकाणी चक्क उकळतं. लोक फडक्यात तांदूळ किंवा बटाटे बांधून दोरीने कुंडात सोडतात आणि गप्पा मारत बसतात.

शेजारच्या एका कुटुंबाने आम्हाला दोरी दिली. ताईने बटाटे सोडले. मी घड्याळ न बघता बसायचं ठरवलं, तरी चार वेळा दोरी ओढून पाहिली. शेवटी ताई म्हणाली, "काहून एवढी घाई करून राहिला रे? पळून जाऊन राहिले का ते?" बटाटे निघाले तेव्हा साल बोटाने सुटत होती. मीठ लावून खाल्ले. किंचित गंधकाचा वास होता, पण चव छान. ज्या आगीवर ते शिजले ती मी कधी पाहणार नव्हतो, आणि तरी ती माझ्या पायाखाली होती, हा विचार मला दिवसभर सुटला नाही. इथे जाल तर मुलांचा हात घट्ट धरा. काही कुंडांना कठडे आहेत, काहींना नाहीत.

दुपारी आम्ही थोडं पुढच्या त्या गावात गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेच्या पटांगणात सालाच्या झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. सरपंच फुलकुंवर नावाच्या साधारण चाळिशीच्या बाई. ताईला खाली बसवेना, म्हणून त्यांनी शाळेतून खुर्ची मागवली आणि ती थेट पुढे, स्वतःच्या शेजारी ठेवली.

सक्सेना साहेबांनी सुरुवात केली. स्वच्छ वीज, रोजगार, रस्ता. मग एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "इतना नीचे पत्थर फोड़ोगे, तो जमीन नहीं हिलेगी?"

"बिल्कुल नहीं, माताजी," साहेब म्हणाले. "सौ टका सेफ. आपको पता भी नहीं चलेगा."

थोडी कुजबुज झाली. वातावरण बरं वाटत होतं. फुलकुंवर बाईंनी पाणी मागवलं, पहिला ग्लास ताईला दिला, आणि आदराने सहज विचारावं तसं विचारलं, "दीदी, पैर में क्या हुआ आपके?"

ताईने ग्लास हातात घेतला. मला वाटलं, ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. इराच्या कामाचं ठिकाण होतं ते.

"भूकंप," ताई म्हणाली. "जबलपुर में. दीवार गिरी थी."

सगळ्यांचे डोळे तिला सोबत घेऊन आलेल्या इराकडे वळले. सक्सेना साहेब घाईने म्हणाले की तो नैसर्गिक भूकंप होता, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते खरंच होतं. पण कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

इरा उभी राहिली. मी तिला लहानपणापासून वक्तृत्व स्पर्धांत पाहिलंय. बोलण्याआधी ती ओढणीचं टोक मुठीत धरते. तिने ते धरलं.

"माताजी ने सही पूछा," ती म्हणाली. "जमीन हिलती है. ज्यादातर इतना कम कि सिर्फ मशीन को पता चलता है. लेकिन हर बार नहीं. स्वित्झर्लंड के एक शहर में ऐसे ही काम से झटके आए, घरों में दरारें पड़ीं, और काम बंद करना पड़ा. कोरिया में तो बड़ा झटका आया, लोग घायल हुए. कई जगह ठीक से भी चला है. मैं ये नहीं कह सकती कि कुछ नहीं होगा. मैं ये कह सकती हूँ कि पहले मशीन लगाकर देखेंगे, और झटका एक हद से ऊपर गया तो पानी बंद."

सक्सेना साहेब जमिनीकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

फुलकुंवर बाईंनी विचारलं, "बंद करेगा कौन?"

"जी?"

"हद से ऊपर गया, तो बंद कौन करेगा? तुम? साहब? कि दिल्ली से कोई?"

इराने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, ते कंपनीच्या कंट्रोल रूममधून ठरेल.

"और बिजली हमको मिलेगी, कि ऊपर से जाएगी?"

मग लोक आपसात त्यांच्या बोलीत बोलू लागले. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मग सगळे एकदम. मला त्यातलं निम्मंच कळलं. शेवटी फुलकुंवर बाईंनी निर्णय सांगितला. यंत्रं बसवा, पण शाळेत, आणि ती काय दाखवतात ते दर आठवड्याला आम्हाला दाखवा. बोअरची गोष्ट आता नाही. बंद करण्याचा हक्क गावालाही असेल असं लिहून आणाल, तेव्हा परत सभा घेऊ.

म्हणजे होकार नाही. धड नकारही नाही. साहेब जीपमध्ये बसताना इराला म्हणाले, "आपसे ये उम्मीद नहीं थी," आणि तिला सोबत न घेताच निघून गेले.

आम्ही तातापानीला परत आलो. ऊन कलतं होतं. आंघोळीसाठी वेगळी टाकी आहे, तिथलं पाणी सोसेल इतकं गरम असतं. ताई काठावर बसली, साडी थोडी वर घेतली आणि पाय पाण्यात सोडले. तिच्या पोटरीवरचा तो लांब व्रण मी फार वर्षांनी पाहिला. इरा तिच्या शेजारी बसली.

"मी तुझं काम बिघडवलं का गं?" ताईने विचारलं.

"हो," इरा म्हणाली, आणि रडायला लागली. मग रडता रडता म्हणाली, "नाही. मला माहीत होतं ना आत्या. मी काल रात्रभर तेच वाक्य पाठ करून राहिली होती, सौ टका सेफ. ते तोंडातून निघतच नव्हतं."

ताईने तिला जवळ घेतलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. तिने ओंजळीत गरम पाणी घेतलं आणि इराच्या पावलांवर ओतलं. एकदा, मग परत. ती म्हणाली, "मला तर वाटत होतं, तू मला सांगशील की काही होत नाही. तू सांगितलं असतं तर मी मानलं पण असतं. तू शिकलेली आहेस."

"म्हणूनच नाही सांगितलं," इरा म्हणाली.

ताईचा पाय त्या पाण्याने बरा झाला का? नाही. दोन दिवस थोडा हलका वाटला, असं ती म्हणते. डॉक्टरांचा सल्ला सोडून कोणी केवळ झऱ्याच्या भरवशावर जाऊ नये. पण थंडीच्या संध्याकाळी त्या पाण्यात पाय सोडून बसण्याचं सुख मात्र खरं आहे, आणि त्याला तिकीट नाही.

परत

इरा तिथेच राहिली. पेट्या शाळेत उतरवून आम्ही दोघं भाऊ-बहीण परतलो. वाटेत ताईने मला त्या रात्रीबद्दल सांगितलं, ढिगाऱ्याखाली असताना तिला काय ऐकू येत होतं ते. इतक्या वर्षांत तिने ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. ते मी इथे लिहिणार नाही.

कंपनीने इराला काढलं नाही. गावाच्या संमतीशिवाय काहीच होणार नसल्यामुळे आधी यंत्रं बसवण्याचं गावाचं म्हणणं त्यांना मान्य करावं लागलं. पण मुख्य गटात दुसऱ्या कोणाला घेतलं, आणि इराला यंत्रांची देखरेख दिली. दर आठवड्याला ती गावातल्या बायकांना पडद्यावरच्या रेघा समजावून सांगते. फुलकुंवर बाई सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात, असं ती सांगते, आणि सांगताना तिचा आवाज खुललेला असतो. बंद करण्याचा हक्क गावाला द्यायचा की नाही, यावर कंपनीचं अजून ठरलेलं नाही.

तो बोअर व्हावा की होऊ नये? मला विचाराल तर मनेंद्रगढच्या रस्त्यावरचा काळा रुमाल आठवला की व्हावा असं वाटतं. ताईचा पाय पाहिला की थांबावं असं वाटतं. सहलीहून आल्यावर माणसाला काहीतरी ठाम मत असावं अशी अपेक्षा असते. माझ्याकडे नाही. निघण्याआधी होतं, तेही तिकडेच राहिलं.

गेल्या रविवारी ताई आमच्याकडे जेवायला होती, तेव्हा इराचा फोन आला. यंत्रांनी पहिल्या काही आठवड्यांत पकडलेली कंपनं तिने वेग वाढवून आवाजात बदलली होती. "ऐका," ती म्हणाली. मी फोन ताटाजवळ ठेवला. सुरुवातीला नुसती खरखर. मग एक बारीक ठक. थोड्या वेळाने दोन. मग बोटं मोडावीत तशी एक लांब माळ, आणि पुन्हा शांतता.

"पण तुम्ही तर अजून काहीच केलं नाही ना?" ताईने विचारलं.

"काहीच नाही. हा जमिनीचा स्वतःचा आवाज आहे, आत्या. असा चालूच असतो. आपल्याला कळत नाही फक्त."

"इथं पण? जबलपूरच्या खाली?"

"तिथं पण."

मला वाटलं ताई उठून जाईल. तिने उष्टा हात ताटात ठेवला, डाव्या हाताने फोन उचलला आणि कानाला लावला.

"परत लाव," ती म्हणाली.